दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट: क्रिस्टल सोडून कुठे जावं?

वारणाकाठचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी इथे विचारतोच. आम्ही दोघंजण मिळून गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात. सी शार्प, विनफॉर्म्स, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ आणि रिपोर्ट सगळे क्रिस्टल रिपोर्ट्स या जुन्या रिपोर्ट बनवायच्या टूलमध्ये. संकलन, फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश नि बाकी घनपदार्थ), दरपत्रक, पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स हे सगळं व्यवस्थित चाललंय. अडतंय ते रिपोर्टपाशी.

कारण प्रत्येक संस्थेला बिल आपल्या पद्धतीचं पाहिजे. एकाला कपाती डावीकडे पाहिजेत, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याचे चेअरमन म्हणतात म्हैस आणि गाय एकाच बिलावर घ्या पण बेरजा वेगळ्या दाखवा. बिलं महिन्याला तीन, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, म्हणजे दर दहा दिवसांनी कुठल्यातरी सचिवांचा फोन ठरलेला, "साहेब तेवढा एक कॉलम जरा सरकवून द्या की". कॉलम सरकवायचा म्हणजे डिझायनर उघडा, रिपोर्ट बदला, परत त्यांच्या मशीनवर टाका, आणि आता अशा वेगवेगळ्या आवृत्त्या इतक्या झाल्यात की कुणाकडे कुठली फाईल आहे हे आम्हालाच बघावं लागतं.

गरजा सांगतो. उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल, हे बहुतेक ठिकाणी अजून डॉट मॅट्रिक्सवर, छापील स्टेशनरीवर. सकाळ-संध्याकाळची पावती, ती थर्मलवर. ऑडिटला किर्द (रोजची नोंदवही), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (खात्यांच्या शिल्लक रकमांची यादी) आणि ३१ मार्चचा ताळेबंद, नफा-तोटा. आणि आता नवीनच, चेअरमनना मोबाईलवर बघायचंय की दूध वाढलं का घटलं, कुठल्या गल्लीतनं कमी झालं वगैरे. सगळं मराठीत.

क्रिस्टलच ठेवावं, आरडीएलसीकडे (मायक्रोसॉफ्टचा रिपोर्टचा प्रकार) जावं, एचटीएमएल करून पीडीएफ काढावी, की एकदम पॉवर बीआय, मेटाबेस असलं डॅशबोर्डचं काहीतरी घ्यावं? खर्च करायची तयारी आहे पण संस्थेमागे दर महिन्याला पैसे मागता येणार नाहीत, वर्षाच्या देखभालीचे मिळतात तेच मोठं.

ढगातला_डेटा:
पॉवर बीआय. एवढा विचार कशाला? डेस्कटॉप फुकट आहे, एसक्यूएल सर्व्हरला सरळ जोडलं जातं, कॉलम सरकवायचा तर माऊसनं ओढायचा. मोबाईल ॲप आहे. अजूनही क्रिस्टल वापरताय म्हणजे कमालच आहे तुमची 😄

मुक्काम_पिंपरी:
@ढगातला_डेटा पॉवर बीआय वाईट नाहीये, मी स्वतः रोज वापरतो, पण प्रश्न नीट वाचा की राव, छापील स्टेशनरी आणि डॉट मॅट्रिक्स म्हटलंय त्यांनी. छापलेल्या रकान्यात आकडा बरोबर बसवायचं काम त्या डॅशबोर्डचं नाही.

वारणाकाठचा, माझ्या मते "कुठलं टूल" विचारायच्या आधी तुमची यादी दोन ढिगांत वाटून घ्या. पहिल्या तीन गोष्टी म्हणजे कागद. रकाने ठरलेले, ओळी ठरलेल्या, आज छापा नाहीतर दिवाळीत छापा, तेच आलं पाहिजे, कारण त्यावर सही होते आणि त्यावरनं पैसे वाटले जातात. चौथी गोष्ट म्हणजे प्रश्न. आज एक विचारला, उत्तर बघून उद्या दुसराच सुचला, परवा पहिला कुणाला आठवतही नाही. या दोन्हीला एकच टूल बसवायचा हट्ट धरला की मग डॅशबोर्डवरनं बिल छापायची नाहीतर क्रिस्टलमध्ये ग्राफ रंगवायची वेळ येते, दोन्ही मी पाहिलंय, दोन्ही नको.

आता पॉवर बीआयचा हिशोब. डेस्कटॉप फुकट, खरंय, पण फक्त विंडोजवर आणि तुमच्यापुरता. चेअरमनच्या मोबाईलवर दाखवायचं म्हणजे शेअर करायचं, आणि साध्या योजनेत बनवणाऱ्याला प्रो लायसन्स लागतं तसं बघणाऱ्यालाही लागतं. प्रो १ एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झालंय. शिवाय डेटा संस्थेच्या पीसीवर, म्हणजे तिथे गेटवे (डेटा ढगात पोचवणारा प्रोग्राम) बसवायचा आणि तो पीसी रिफ्रेशच्या वेळी चालू पाहिजे, जो तुमच्या संस्थेत दूध घालून झालं की बंद होतो. त्यावर काहीजण "पब्लिश टू वेब" करतात, ते फुकट आहे म्हणून. कृपा करून करू नका. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, लॉगिन वगैरे काही नाही, आणि त्यात तुमच्या उत्पादकांची नावं नि रकमा असणार.

प्रश्नांसाठी मेटाबेस बघा. ओपन सोर्स, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर फुकट, एसक्यूएल सर्व्हरला जोडलं जातं, आणि ठरलेल्या वेळी डॅशबोर्ड ईमेलनं पाठवायची सोय फुकट आवृत्तीतही आहे. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी करा. जोडणीसाठी वेगळा युजर, फक्त वाचायचा हक्क असलेला, डीबी डेटारीडर रोल पुरतो. आणि मेटाबेस स्वतःची माहिती सुरुवातीला एच२ नावाच्या फाईलीत ठेवतं, ते फक्त चाखून बघायला ठीक, रोजच्या वापराला पोस्टग्रेस डेटाबेसवर हलवा. एकाच टेबलात सगळ्या संस्था ठेवून ज्याला त्याला आपल्याच ओळी दाखवायच्या ही सोय पैसेवाल्या आवृत्तीत आहे, त्यामुळे संस्थेगणिक वेगळं कलेक्शन (फोल्डर) करावं लागेल.

आणि खरं सांगू का, सगळा डेटा वर पाठवूच नका. रोज रात्री फक्त सारांश, गल्लीवार लिटर, सरासरी फॅट, एकूण रक्कम, बस. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, पण विंडोजचा टास्क शेड्युलर ते काम करतो. बऱ्याच चेअरमनना ग्राफही नको असतो, सकाळी चहाच्या वेळी फोनवर एक आकडा आला की पुरतं. आधी तेवढंच देऊन बघा, मग डॅशबोर्डचं बघू.

कारकून_ते_कोडर:
क्रिस्टलवर सगळेच घसरतात म्हणून थोडी बाजू घेतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ९०च्या सुरुवातीला जन्मलेलं हे टूल, मग सीगेट, मग २००३ला बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि त्यांनाच पुढे सॅपनं घेतलं, इतक्या घरांत नांदूनही अजून जिवंत आहे ते उगाच नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पर्यंत डब्यातच यायचं, २०१० पासून वेगळं उतरवून घ्यावं लागतं, रनटाइम फुकट. तुम्ही फ्रेमवर्क ४.८ वर आहात तोपर्यंत काहीही अडत नाही. अडणार कधी, तर नव्या डॉट नेटवर, म्हणजे ६, ८ वगैरेवर जायचं ठरवलंत की, तिथे क्रिस्टलला अधिकृत सपोर्ट नाही. ३२ बिट, ६४ बिटचं भान मात्र ठेवा, ॲप ज्या बिटचं, रनटाइम त्याच बिटचा बसवायचा, निम्मे फोन त्यावरच येतात.

पण कुठलंही टूल निवडताना मी तीन गोष्टी छापून बघतो. पहिली, बारा लाख चौतीस हजार कसं छापतं. १२,३४,५६७ आलं पाहिजे, १,२३४,५६७ नाही. आरडीएलसी, एसएसआरएसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा रिपोर्ट सर्व्हर) रिपोर्टची भाषा इंग्लिश-इंडिया किंवा मराठी ठेवली की लाखाचे स्वल्पविराम आपोआप पडतात. क्रिस्टलमध्ये फॉर्म्युला लिहावा लागतो. दुसरी, अक्षरी रक्कम. क्रिस्टलचं टूवर्ड्स फंक्शन लाखाला "हंड्रेड थाउजंड" म्हणतं, आणि मराठी अक्षरी तर कुठल्याच टूलमध्ये तयार मिळालेली मला माहीत नाही, ती आपणच लिहायची, कारण आपले शंभरपर्यंतचे सगळे आकडे वेगवेगळे, एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणतो पण पुढे एकदम नव्याण्णव, नियम लावता येत नाही, सरळ शंभर शब्दांचं टेबल करायचं. ते एकदा डेटाबेसमध्ये फंक्शन म्हणून ठेवलंत की उद्या टूल बदललं तरी ते जागेवर राहतं.

तिसरी म्हणजे तुमचा डॉट मॅट्रिक्स. तो वेगानं छापतो तो टेक्स्ट मोडमध्ये, प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरात, आणि नेहमीच्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते. म्हणजे मराठी छापायची तर ग्राफिक मोड, आणि ग्राफिक मोड म्हटलं की तो एकेक रेघ ओढत बसणार, मग ते क्रिस्टल असो, आरडीएलसी असो की एचटीएमएल. इथे टूल बदलून वेग वाढत नाही. वाढतो तो कागदावरचा मजकूर कमी करून. मराठी शीर्षकं, संस्थेचं नाव, कपातींची नावं स्टेशनरीवर आधीच छापून घ्या आणि प्रिंटरला फक्त आकडे सोडा, तेही टेक्स्ट मोडमध्ये, सरळ फाईल लिहून पोर्टवर. त्याला रिपोर्ट टूल लागतच नाही. जुने लोक हेच करायचे.

वारणाकाठचा:
@मुक्काम_पिंपरी @कारकून_ते_कोडर मनापासून धन्यवाद, कागद आणि प्रश्न वेगळे करायचं डोक्यात आलंच नव्हतं. आकडेच छापायचं पटतंय पण उत्पादकाचं नाव मराठीतच पाहिजे म्हणतात, इंग्रजीत आलं की म्हातारी माणसं बिल परत देतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

अजून एक भानगड सांगायची राहिली. आमच्या जुन्या संस्थांचा डेटा युनिकोडमध्ये नाही, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. क्रिस्टलमध्ये तो फॉन्ट लावला की दिसतो, पण डेटाबेसमध्ये बघितलं तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्याचं काय करतात लोक?

जोडाक्षर:
हा माझा विषय. 🙋‍♀️

वारणाकाठचा, जुन्या फॉन्टचा डेटा आहे तोवर कुठलंही नवीन टूल निवडू नका, निवडून उपयोगच नाही. मेटाबेसला फॉन्ट कळत नाही, एक्सेलमध्ये पाठवलं की कचरा, नावानं शोध लागत नाही, क्रमवारी चुकते. आधी युनिकोड. प्रत्येक जुन्या फॉन्टची अक्षररचना वेगळी असते, त्यामुळे कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा पाहिजे, आणि तो मिळाला तरी रफार, पहिली वेलांटी आणि अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासायची, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. नावांची यादी सचिवांकडनंच वाचून घ्या, ते एका बैठकीत सगळं सांगतात, कोण पाटील कुठल्या आळीचा तेही.

डेटाबेसमध्ये कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) करा आणि कोडमध्ये पॅरामीटर वापरा. मजकूर सरळ क्वेरीत चिकटवत असाल तर अवतरण चिन्हाच्या आधी एन लागतो, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात आणि मग ती परत येत नाहीत.

आता टूल. मराठीसाठी परीक्षा एकच, "श्रीकृष्ण ज्ञानेश्वर कुऱ्हाडे, शिर्डी" असं नाव पीडीएफमध्ये काढून बघा. जोडाक्षरं जुळवायला शेपिंग लागतं आणि ते सगळ्यांकडे नसतं. जावातल्या जास्पर या रिपोर्ट टूलचा पीडीएफ काढायचा नेहमीचा रस्ता आयटेक्स्ट या पीडीएफ लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीच्या वंशातला, तिथे भारतीय लिप्यांचं शेपिंग नाही, पाय मोडून अक्षरं सुटी पडतात. नव्या आयटेक्स्टमध्ये ती सोय वेगळ्या पैशांच्या जोडणीत आहे. क्रोमला मात्र हे उत्तम जमतं, म्हणून एचटीएमएल लिहून हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमनं पीडीएफ काढली की मराठी स्वच्छ येते. पायथनवाल्यांना वीझीप्रिंटही चालतं. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ नावाचं जुनं साधन अजून बरेच जण सुचवतात, त्याचं काम २०२३ला अधिकृतपणे थांबलंय, नव्यानं सुरू करणाऱ्यानं त्यात पडू नये. सी शार्पमध्येच राहायचं असेल तर क्वेस्टपीडीएफ आहे, त्यात हार्फबझ या लायब्ररीचं शेपिंग असतं, लहान कंपन्यांना फुकट, पण सगळं कोडमध्ये लिहायचं, डिझायनर नाही.

आरडीएलसीला विंडोजचं शेपिंग मिळतं, निर्मला यूआय किंवा मंगल लावा, आमच्याकडे तरी नीट येतं. आणि त्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. टेक्स्टबॉक्सच्या गुणधर्मांत न्यूमरल लँग्वेज मराठी करायचं आणि न्यूमरल व्हेरियंट ३ ठेवायचा, आकडे आपोआप १, २, ३ असे देवनागरीत छापले जातात, डेटाला हात लावायला लागत नाही.

थर्मलचं वेगळंच. त्यालाही मराठी येत नाही, चित्र करूनच पाठवायचं. २ इंची प्रिंटरला रुंदी ३८४ ठिपके आणि ३ इंचीला ५७६, तेवढ्या रुंदीचा काळा-पांढरा बिटमॅप सी शार्पमध्ये काढायचा आणि सोडायचा. पावती छोटी असल्यामुळे वेळ जाणवत नाही.

सही_शिक्का:
मी टूल बनवत नाही, तुमच्यासारख्यांनी बनवलेल्या रिपोर्टवर सही करतो. सहकारी संस्थांचं ऑडिट करतो. त्यामुळे माझ्या टेबलाच्या बाजूनं थोडं.

एक्सेल मागितलं की बहुतेक सॉफ्टवेअर असं एक्सेल देतात की तीन-तीन सेल एकात एक मिसळलेले, मध्येच रिकामे कॉलम, दर पानाला परत शीर्षक. त्यावर बेरीज लावता येत नाही, फिल्टर लागत नाही. मला सुंदर एक्सेल नको, सरळ पाहिजे, वर एक ओळ शीर्षकाची आणि खाली नोंदी. क्रिस्टलमध्ये "एक्सेल डेटा ओन्ली" असा वेगळा पर्याय असतो तो द्या, नाहीतर रिपोर्ट टूल बाजूला ठेवून टेबल तसंच्या तसं द्या.

दुसरं, किर्द आणि खतावणीवर प्रत्येक पानाखाली "पुढे नेली" आणि पुढच्या पानावर "मागील पानावरून" रक्कम आली पाहिजे. हे मागितलं की तरुण मंडळी कपाळाला हात लावतात. पण वही तपासायची ती अशीच तपासली जाते, पान फाडलं गेलं का हे त्याच्यावरनंच कळतं.

तिसरं, छापलेल्या कागदावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि केव्हा छापला हे पाहिजेच. एप्रिलमध्ये काढलेली तेरीज आणि जुलैमध्ये काढलेली तेरीज, दोन्ही ३१ मार्चच्या, आणि आकडे वेगळे, असं समोर आलं की आमचा पहिला प्रश्न असतो की मागच्या तारखेत कुणी नोंद केली. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा उरकायची असते, तेव्हा हे शोधत बसायला वेळ कुणाला असतो.

कारकून_ते_कोडर:
"मागील पानावरून" 😅 साहेबांनी बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. क्रिस्टल लोक अजून सोडत नाहीत त्याचं हेच कारण. तिथे व्हाइल प्रिंटिंग रेकॉर्ड्स लिहून एक शेअर्ड व्हेरिएबल ठेवलं की झालं. आरडीएलसीच्या पान-तळटीपेत त्या पानावरच्या टेक्स्टबॉक्सची बेरीज घेता येते, पण आधीच्या सगळ्या पानांची मिळून पुढे न्यायची म्हटलं की कसरत. आणि एचटीएमएलला तर पान कुठे तुटणार हे छापेपर्यंत माहीतच नसतं, शीर्षक दर पानावर परत येतं पण बेरीज नाही येत.

ओपनसोर्स_मावशी:
मुलांनो, हे सगळं ईआरपीनेक्स्टवर (धंद्याचा सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) का नाही करत? मुंबईच्या फ्रापेनं बनवलेलं, ओपन सोर्स, त्यात तीन थरांत रिपोर्ट होतात, साधा रिपोर्ट बिल्डर माऊसनं, क्वेरी रिपोर्ट एसक्यूएलनं आणि स्क्रिप्ट रिपोर्ट पायथननं. छापायचा नमुना जिंजा टेम्प्लेटमध्ये लिहायचा, आणि तो नमुना डेटाबेसमध्येच राहतो, म्हणजे संस्थेगणिक फाईली वाटत बसायला नको.

मुक्काम_पिंपरी:
@ओपनसोर्स_मावशी मावशी, चांगलंय ते, पण चालू धंद्यातलं सॉफ्टवेअर, वजनकाटा नि फॅट मशीन जोडलेलं, सगळं रिपोर्टसाठी उपटून परत लावायचं म्हणजे दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यातली शेवटची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. नमुना डेटाबेसमध्ये.

वारणाकाठचा, तुमचं खरं दुखणं क्रिस्टल नाही असं मला वाटायला लागलंय. हिशोब कुठे होतोय ते बघा. कपातीची बेरीज, म्हैस-गाय वेगळं करणं, फरक काढणं हे जर रिपोर्टच्या आत फॉर्म्युल्यात बसलं असेल तर प्रत्येक संस्थेच्या फाईलीत तोच हिशोब परत लिहिलेला आहे आणि एकात सुधारलं तर दुसऱ्यात राहतं. सगळा हिशोब व्ह्यू किंवा स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या क्वेरीत, आणा. रिपोर्टनं फक्त मांडायचं. मग संस्थेगणिक जे वेगळं उरतं ते फक्त मांडणी, आणि आरडीएलसी ही मुळात एक्सएमएल फाईल असल्यामुळे ती डेटाबेसच्या एका कॉलममध्ये ठेवून चालू वेळी वाचता येते. संस्थेचा कोड, रिपोर्टचं नाव, कधीपासून लागू, आणि नमुना. कॉलम सरकवला की नवीन ओळ पडते, जुनी तशीच राहते, एक्झीला (मूळ प्रोग्रामला) हात लावायचा नाही, संस्थेत जायचं नाही.

आणि बिल एकदा मंजूर झालं की त्याचे आकडे वेगळ्या टेबलात गोठवा, दर, लिटर, कपाती सगळं. दरपत्रक मागच्या तारखेनं बदललं तर जुनं बिल परत छापताना बदललेलं येता कामा नये. फरक निघाला तर तो वेगळी नोंद म्हणून पुढच्या बिलात किंवा दिवाळीच्या दरफरकात. सही_शिक्का साहेबांचा तिसरा मुद्दा अर्धा इथेच मिटतो.

एसएसआरएसचं कुणी सुचवलं तर, ते सर्व्हरवालं प्रकरण आता जुन्या खात्यात गेलंय. एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून ते वेगळं येत नाही, त्याच्या जागी पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर, आणि २०२२ची आवृत्ती जानेवारी २०३३ पर्यंत सांभाळणार म्हणतात. आधीपासून वापरणाऱ्यांना घाई नाही, पण तुम्ही आत्ता नव्यानं त्यात शिरू नका. तसंही एक्सप्रेसवर त्याची सबस्क्रिप्शनची सोय मिळत नाही.

ढगातला_डेटा:
ओके ओके, स्टेशनरीचं माझ्या डोक्यातनं सुटलं होतं. पण चेअरमनच्या ग्राफला अजून माझं मत पॉवर बीआयच. एकाच संस्थेला हवं असेल आणि बनवणारा धरून दोघंच बघणार असतील तर महिना २८ डॉलर काही जड नाही. आर्थिक वर्षासाठी टोटल वायटीडी या वर्षभराच्या बेरजेच्या फंक्शनला शेवटचा पॅरामीटर ३१ मार्च दिला की एप्रिलपासून बेरीज येते, बाकीच्या टूलमध्ये जानेवारी-डिसेंबरशी झगडावं लागतं.

मुक्काम_पिंपरी:
वर्षाचं खरंय, मेटाबेसची तिमाही जानेवारीपासूनच सुरू होते. तारखेचं टेबल करून त्यात आर्थिक वर्ष नि तिमाही लिहून ठेवायची, मग कुठल्याही टूलला चालतं. २८ डॉलरचं संस्थेच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगायला या 😄

वारणाकाठचा:
चर्चा वाचून आम्ही दोघं बसलो आणि साधारण असं ठरतंय. आधी नावं युनिकोडमध्ये आणायची, एका लहान संस्थेपासून सुरुवात. हिशोब सगळा प्रोसीजरमध्ये. बिल आणि खतावणी आरडीएलसीत, नमुने डेटाबेसमध्ये. पावती बिटमॅपनं. चेअरमनना सध्या सकाळचा एसएमएस, मेटाबेस नंतर. क्रिस्टल काढत नाही, जिथे चाललंय तिथे चालू दे, नवीन मागणी आली की तेवढा रिपोर्ट हलवायचा. डॉट मॅट्रिक्सला नाव तेवढं ग्राफिकमध्ये नि आकडे टेक्स्टमध्ये असं होतं का ते बघतोय, नाहीच जमलं तर ए४ लेझरवर एका पानात चार बिलं, दोन संस्था तयार आहेत त्याला.

फक्त ते "मागील पानावरून" आरडीएलसीत कसं करावं हे कुणी सांगेल का? तेवढ्यासाठी किर्द क्रिस्टलमध्ये ठेवायचं जिवावर आलंय.

जोडाक्षर:
पान टूलला ठरवू देऊ नका, तुम्ही ठरवा. क्वेरीत रो नंबर काढा, एका पानावर ३५ ओळी बसत असतील तर रो नंबरमधून १ वजा करून ३५ने पूर्ण भाग द्या, तो झाला पान क्रमांक. त्याच क्वेरीत सम ओव्हर ऑर्डर बाय लावून चालती बेरीज घ्या, एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून चालतं. आरडीएलसीत त्या पान क्रमांकावर ग्रुप करायचा, ग्रुपनंतर पान तोडायचं, ग्रुपच्या खाली त्या पानाची शेवटची चालती बेरीज म्हणजे "पुढे नेली", आणि ग्रुपच्या वर पहिल्या ओळीची चालती बेरीज वजा त्या ओळीची रक्कम म्हणजे "मागील पानावरून". जमा आणि नावे दोन्हीला वेगवेगळं. हीच युक्ती एचटीएमएलमध्येही चालते.

ऑर्डर बायमध्ये तारखेबरोबर व्हाउचर नंबरही घ्या, नाहीतर एका तारखेच्या सगळ्या नोंदींची बेरीज एकदमच येते. आणि तपशिलाच्या रकान्याला कॅन ग्रो (मजकुराप्रमाणे उंची वाढणं) बंद ठेवा, लांब तपशील दोन ओळींत गेला की ३५चं गणित बिघडतं आणि पान मध्येच तुटतं.

सही_शिक्का:
तपशील कापू नका हो पण, "श्री. पाटील यांना दिले" एवढंच दिसतं आणि कशाबद्दल दिले तेच कापलेलं असतं.

जोडाक्षर:
मग फॉन्ट एक नंबर कमी करा नाहीतर कागद आडवा घ्या. किंवा तपशिलाची लांबी मोजून लांब नोंदीला दोन ओळी धरायच्या, रो नंबरऐवजी ओळींची चालती बेरीज घेऊन तिला ३५ने भागायचं. किर्दीला मी हेच करते. दोन ओळींची नोंद पानाच्या शेवटी येऊ शकते, म्हणून खाली एका ओळीची जागा मोकळी सोडते.